हौद्यावर टप कीं चौकट?

मोटार विकत घेतली कीं खरेदी संपली, असा सामान्य समज आहे. अमेरिकेंत पिकप जातीची गाडी घेणाऱ्याची खरेदी मात्र त्या दिवशीं निम्मीच झालेली असते. कारण ही गाडी मुळांतच अर्धी बंद आणि अर्धी उघडी. पुढें चालक आणि दोन-चार माणसें बसतील एवढी केबिन, आणि मागें हातभर उंचीच्या पत्र्याच्या भिंती असलेला उघडा हौदा. हौद्याची मागची भिंत बिजागऱ्यांवर खालीं पडते. तिला महाराष्ट्रांतले ट्रकवाले फाळका म्हणतात. या उघड्या हौद्याचें करावें काय, हा प्रश्न गाडी दारांत आल्यावर महिन्या-दोन महिन्यांतच उभा राहतो. त्यावर पोलादाची किंवा अल्युमिनियमची चौकट उभारून सामान उंच रचावें, कीं कडक टप घालून सगळा हौदा पेटीसारखा बंद करून टाकावा?

प्रश्न दिसावयास गाडीच्या शृंगाराचा आहे. परंतु त्यांत पैसा आहे, रोजच्या कामाची सोय-गैरसोय आहे, आणि एका बाबतींत तर प्रत्यक्ष जिवाचाच संबंध येतो. म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करणें अवश्य आहे.

या प्रश्नास शंभर वर्षांचा इतिहास आहे. मोटारीच्या आरंभकाळीं अमेरिकेंतला शेतकरी आपल्या गाडीचा मागचा भाग काढून टाकी आणि गांवच्या सुतार-लोहाराकडून तेथें एक पेटी ठोकून घेई. ही गरज ओळखून फोर्ड कंपनीनें १९२५ सालच्या एप्रिलमध्यें 'मॉडेल टी' गाडीस कारखान्यांतच पोलादी हौदा बसवून ती २८१ डॉलरांस बाजारांत आणली. तो हौदा अवघा ५६ इंच लांब होता. त्याच्या कडांवर चार खोबणी मुद्दाम ठेवलेल्या होत्या. त्यांत खुंट उभे करून फळ्या लावल्या कीं माल भिंतींहून उंच भरतां येई. आजची चौकट ही त्या खुंटांचीच वंशज होय. टप पुष्कळ मागाहून रूढ झाला; पिकप शेतावरून निघून शहरांतल्या घरापुढें उभी राहूं लागली, तेव्हां. आज तर ती त्या देशांतील घरगुती गाडीच होऊन बसली आहे. १९७७ सालापासून फोर्डची 'एफ' मालिका ही तेथील सर्वांत अधिक खपणारी पिकप ठरत आली आहे, आणि तिच्या मालकांपैकीं पुष्कळांच्या हौद्यांत आठवडाभर कांहींच पडत नाहीं, हेंही खरें आहे.

टपाला तिकडे एक नांव नाहीं. पूर्वेकडे त्याला 'कॅप' म्हणजे टोपी म्हणतात, मधल्या राज्यांत 'टॉपर' म्हणतात, कॅलिफोर्नियांत तो 'शेल' म्हणजे कवच होतो, आणि पावसाळी वायव्य भागांत त्यालाच 'कॅनपी' म्हणतात. मराठींत यापेक्षां बरी स्थिति आहे. खटाऱ्यावर कामट्यांच्या कमानी बांधून वर घोंगडी टाकली कीं त्याला टप घातला असें म्हणत, पुढें एस. टी. च्या टपावर वळकट्या चढल्या, आणि हाच शब्द येथेंही चपखल बसतो.

आधीं चौकटीचा विचार. चौकट म्हणजे हौद्याच्या दोन्ही कडांवर पकडींनीं आवळून बसविलेले खांब आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. शिड्या, नळ, लांब वासे, होडी, सायकली, हें सर्व तिच्यावर बांधतां येतें आणि खालचा हौदा मोकळाच राहतो. तिचा खरा गुण मात्र उंचीवर सामान चढविण्याचा नसून खालचा हौदा उघडा ठेवण्याचा आहे. शीतपेटी उभीच न्यावी लागते. ती टपाखालीं मावत नाहीं. अंगणांत टाकावयाची माती किंवा खडी दुकानांतलें यंत्र आपल्या सुपानें वरून ओतून देतें. टप असल्यास तें सूप निरुपयोगी, आणि मालकास फावडें हातांत घेऊन फाळक्यावाटे आंत रांगावें लागतें. फळझाडाचें रोप, मोटारसायकल, चिखलानें माखलेलीं अवजारें, शिकाऱ्यानें मारलेलें हरीण, यांना उघडा हौदाच बरा. काम झाल्यावर नळीनें पाणी सोडून तो धुऊन टाकतां येतो. चौकट दोन माणसें पान्यानें अर्ध्या-एक तासांत उतरवूं शकतात आणि कित्येक चौकटी थोड्या फेरफारानें दुसऱ्या गाडीवरही बसतात.

तिचे दोषही तितकेच उघड आहेत. चौकट कांहींच झांकीत नाहीं. पावसांत सामान भिजतें, बर्फांत पुरतें आणि चोराच्या नजरेस तर तें नेहमींच पडतें. सुताराची हत्यारें रात्रभर रस्त्यावर उभ्या असलेल्या उघड्या हौद्यांत ठेवणें म्हणजे तीं दान करण्यासारखेंच. मग मालक एकामागून एक कुलपाच्या पेट्या आणून चौकटीस जोडीत जातो, आणि वर्षाच्या अखेरीस टपाहून अधिक पैसा खर्चून टपाच्या निम्मी कोरडी जागा त्याच्या पदरीं पडते. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे कीं चौकट घेणाऱ्यानें पेट्यांची किंमत पहिल्या दिवशींच हिशेबांत धरावी.

टपाची गोष्ट निराळी. उत्तम टप फायबरग्लासचा असतो. गाडीच्या रंगाशीं जुळवून रंगविलेला, बाजूंना कांचा, मागें वर उचलणारें कांचेचें दार आणि त्याला कुलूप. कांहीं टप अल्युमिनियमचे असतात. ते दिसावयास ओबडधोबड, परंतु कारागीर लोक तेच पसंत करतात, कारण त्यांच्या बाजूंनीं उघडणारीं दारें असतात आणि हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यांतली करवत काढण्यासाठीं गुडघ्यांवर जावें लागत नाहीं. टपाखालीं सामान कोरडें राहतें, कुलुपांत राहतें, आणि मुख्य म्हणजे दृष्टीआड राहतें. सिॲटलच्या बाजूस, जेथें हिंवाळाभर रिमझिम थांबत नाहीं, तेथें टप ही चैन नसून गरज आहे. त्या परिसरांत संगणकाच्या व्यवसायानिमित्त अनेक मराठी कुटुंबें राहतात. त्यांच्यापैकीं कोणी पिकप घेतली तर कोंकणांतल्या पावसाची आठवण ठेवणाऱ्या माणसास येथें फार विचार करावा लागूं नये.

परंतु टप एकाच गाडीसाठीं जन्मास येतो. हौद्याची लांबी साडेपांच, साडेसहा किंवा आठ फूट, त्याच्या कडांचा उतार, केबिनची उंची, या सर्वांशीं त्याचें माप जुळलेलें असतें. गाडी बदलली कीं टप परका झाला. तो उतरवावयाचा तर चार माणसें हवींत, आणि उतरविल्यावर ठेवावयाचा कोठें, हा प्रश्न उरतोच. कित्येक जण मोटारखान्याच्या छतास कप्पी लावून तो अधांतरीं टांगून ठेवतात. किंमतही कांहीं हजार डॉलरांच्या घरांत जाते, आणि गाडी विकतांना तिचा थोडासाच भाग परत येतो.

यानंतर वजनाचा हिशेब. तो रुक्ष आहे, पण तो कोणी करीत नाहीं म्हणून येथें करणें भाग आहे. अमेरिकेंत प्रत्येक पिकपच्या चालकाच्या दाराजवळ एक लहानसा कागद चिकटविलेला असतो. प्रवासी आणि सामान मिळून एकंदर वजन किती असावें, याची मर्यादा त्यावर छापलेली असते. मागाहून बसविलेला टप किंवा चौकट ही कायद्याच्या आणि कमानीच्या दृष्टीनें सामानच. समजा, ती मर्यादा ५०० किलो आहे. चार प्रौढ माणसांचे ३०० गेले. फायबरग्लासचा टप साधारण सत्तरपासून शंभर किलोपर्यंत असतो. तो ९० धरला तर सामानास ११० किलो उरतात. आतां टपाऐवजीं ५० किलोंची चौकट आणि तिच्यावर ७५ किलोंचा घडीचा तंबू घेतला, तर उरतात केवळ ७५. पाण्याचे दोन डबे आणि स्वयंपाकाची पेटी ठेवतांच सीमा दिसूं लागते. एवढा मोठा हौदा आणि एवढी थोडी क्षमता, हें पाहून नवा मालक चकित होतो.

शिवाय वजन कोठें आहे, हेंही वजनाइतकेंच महत्त्वाचें. टपाचें वजन केबिनच्या उंचीच्या आंत पसरलेलें असतें. उंच चौकटीवरचा तंबू माणसाच्या डोक्याहून वर असतो, आणि वळणावर गाडीस बाहेरच्या बाजूस ओढतो. उभ्या गाडीवर चौकट जेवढा भार सोसते त्याच्या एक लहानसा अंशच ती धांवत्या गाडीवर सोसूं शकते. खड्ड्यांत आणि ब्रेक दाबतांना त्या भाराचे धक्के होतात. कारखानदार हे दोन आंकडे वेगवेगळे देतात आणि जाहिरातींत मोठा आंकडा मोठ्या अक्षरांत छापतात. रात्रीं तंबूंत दोन माणसें निजतात तो उभा भार. दिवसा रस्त्यावर रिकामा तंबू असतो तो धांवता भार. विकत घेतांना दुसरा आंकडा विचारावा. तंबूखालची उंच चौकट मिरविण्याची जी फॅशन अलीकडे पडली आहे, तिच्यांतले बरेचसे तंबू वर्षांतून चार रात्रीही उघडले जात नाहींत, आणि उरलेले दिवस ते फक्त वारा अडवून पेट्रोल जाळतात. बंद टपामुळें पेट्रोल बरेंच वांचतें अशी दुसऱ्या पक्षाची समजूत आहे, तीही अतिशयोक्तीची. फाळका वर असतांना उघड्या हौद्यांत हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकत जाते, त्यामुळें उघडा हौदा वाटतो तितका खर्चिक नसतो. खर्च वाढतो तो केबिनच्या वर डोकावणाऱ्या सामानानें.

आतां मुख्य गोष्ट. टपानें हौद्याची खोली होते, आणि खोली दिसली कीं माणसास तिच्यांत बसावेंसें वाटतें. हा मोह जुना आहे. जॉन स्टाइनबेक हा प्रसिद्ध कादंबरीकार १९६० सालीं पिकपवर लहानसें घर बांधवून, बरोबर आपला कुत्रा घेऊन अमेरिकेच्या प्रदक्षिणेस निघाला. डॉन किहोटेच्या घोड्याचें नांव त्यानें गाडीस दिलें होतें आणि ती गाडी कॅलिफोर्नियांत सलीनास येथील संग्रहालयांत ठेवलेली आहे. तो स्वतः मात्र प्रवासांत पुढें चालकाच्या जागीं बसे. मागच्या खोलींत लोक गाडी चालू असतांना बसूं लागले, मुलांना तेथें गाद्या घालून निजवूं लागले, तेव्हां अनर्थ सुरू झाला.

१९९२ सालच्या जानेवारींत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मुखपत्रांत सिॲटल येथील डॉक्टरांचा एक लेख प्रसिद्ध झाला. १९८६ पासून १९९१ पर्यंत कार्बन मोनॉक्साइड वायूची अपघातानें बाधा झालेलीं ६८ मुलें त्यांच्याकडे उपचारास आलीं होतीं. त्यांपैकीं २० मुलांना ती बाधा पिकपच्या हौद्यांत बसून प्रवास करतांना झाली होती. सतरा मुलें कडक टपाखालीं होतीं आणि तीन ताडपत्रीखालीं. पंधरा बेशुद्ध झालीं होतीं. एक दगावलें, आणि एकाच्या मेंदूस कायमची इजा झाली. प्रत्येक गाडीच्या बाबतींत, धूर बाहेर टाकणाऱ्या नळाची गळती आधींच ठाऊक होती, किंवा त्या नळाचें तोंड बाजूस नसून मागच्या अंगास होतें.

याचें कारण साधें आहे. चौकोनी पाठीची गाडी धांवूं लागली कीं तिच्या मागें हवेचा दाब कमी होतो, आणि नळांतून निघालेला धूर मागें न जातां परत गाडीकडेच ओढला जातो. फाळक्याच्या फटींतून, किंवा वाऱ्यासाठीं अर्धवट उघडलेल्या मागच्या कांचेंतून तो आंत शिरतो आणि टपाखालीं सांचतो. या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील रंजकद्रव्यास तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक बळानें चिकटतो. डोकें दुखतें, मळमळतें, गुंगी येते. आणि पुढें बसलेल्या आईबापांना वाटतें कीं मुलाला गाडी लागली, किंवा प्रवासानें झोंप आली. मध्यें कांच आहे, हांक ऐकूं येत नाहीं. आजच्या गाड्यांत हा वायु पुष्कळसा नष्ट करणारें साधन धुराच्या नळांत बसविलेलें असतें हें खरें. परंतु एंजिन थंड असतांना तें नीट काम करीत नाहीं, आणि गळती त्याच्या अलीकडे असेल तर त्याचा उपयोगच होत नाहीं. उभ्या गाडींत, टपाखालीं निजलेल्या माणसानें उबेसाठीं एंजिन चालू ठेवणें किंवा शेगडी पेटविणें हेंही तितकेंच घातक. कुत्र्यांच्या बाबतींतही हाच नियम समजावा. कुत्रा मागें सुखरूप आहे असें मानणारे लोक तिकडे फार आहेत.

उघड्या हौद्यांत वायु सांचत नाहीं, म्हणून चौकट अधिक निर्धोक, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही चुकीचा. उघड्या हौद्यांतलें माणूस धक्क्यासरशी बाहेर फेंकलें जातें. माणसानें बसण्याची जागा केबिनमध्यें, पट्टा बांधून. बाकी दोन्ही पर्याय सामानाचे आहेत.

महाराष्ट्रांतल्या श्रोत्यांस हें सगळें दूरदेशींचें वाटूं नये. आंब्याच्या दिवसांत देवगड-रत्नागिरीहून वाशीच्या बाजाराकडे रात्रभर ज्या पिकप धांवतात, त्यांनीं हा वाद केव्हांच मिटविला आहे: हौद्यावर लोखंडी कमानी आणि कमानींवर ताडपत्री. चौकटीची उंची मिळते, टपाचा आडोसा मिळतो, आणि पेट्या उतरविण्याच्या वेळीं दोरी सोडली कीं हौदा पुन्हां मोकळा. कुलपाचा अभाव एवढाच दोष. पण तेथें माल एका रात्रीचा सोबती असतो, आणि चालक त्याच्यापाशींच असतो. त्याच ताडपत्रीखालीं लग्नसराईंत वऱ्हाडही बसतें, ही मात्र निराळी गोष्ट आहे. डिझेलच्या एंजिनांतून हा विषारी वायु पेट्रोलच्या मानानें फार कमी निघतो, पण गाडी उलटल्यावर ताडपत्री आणि कमानी कोणास वांचवीत नाहींत. घरगुती वापराच्या पिकपही आतां भारतांत मिळतात. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ सालीं आली, टोयोटाची हायलक्स २०२२ सालीं. त्यांच्यावर टप किंवा उंच चौकट चढविण्यापूर्वीं १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचें ५२ वें कलम वाचून, परिवहन कचेरींत चौकशी करणें शहाणपणाचें. नोंदणीपत्रांतील वर्णनाशीं विसंगत असा फेरफार तें कलम करूं देत नाहीं.

मग निवड कशी करावी? मागील वर्षभरांत हौद्यांत काय काय पडलें, याची यादी घरांतल्या दुसऱ्या माणसाकडून लिहवून घ्यावी. मालकाची स्वतःची यादी बहुधा त्यानें काय नेण्याचें योजिलें होतें याची असते. भिजूं नये आणि चोरीस जाऊं नये अशा वस्तू तींत अधिक असल्यास टप घ्यावा. उंच, घाणेरड्या किंवा वरून ओतावयाच्या वस्तू अधिक असल्यास चौकट. शहरांत राहणाऱ्या, गाडी रस्त्यावर उभी करणाऱ्या कुटुंबाची यादी दहांत आठ वेळां टपाकडे झुकेल. दोन्ही हवींत म्हणून टपावर चौकट चढविणारेही आहेत. त्यांनीं टपास आंतून धातूचा सांगाडा आहे कीं नाहीं हें पाहावें. साध्या फायबरग्लासच्या छतावर होडी बांधली तर प्रथम रंगाला केसासारख्या भेगा पडतात.

टप घेतांना मागच्या बाजूस ब्रेकचा तिसरा दिवा आहे ना, तेंही पाहावें. १९९४ च्या नमुन्यांपासून अमेरिकेंतल्या पिकपना केबिनच्या माथ्यावर तो दिवा सक्तीचा आहे, आणि टप घालतांच तो झांकला जातो. म्हणून टपावर दुसरा लागतो आणि त्याची तार गाडीच्या तारेशीं जोडावी लागते. बसविल्यानंतर तीन-चारशें किलोमीटर गाडी चालली कीं सगळ्या पकडी पुन्हां एकदां आवळाव्या, कारण कडेखालची रबरी पट्टी तोंवर दबलेली असते. आणि पहिल्या पावसाची वाट न पाहतां एकानें बाहेरून नळीनें पाणी मारावें, दुसऱ्यानें गाडी बंद ठेवून आंत विजेरी घेऊन बसावें. पाणी बहुधा केबिनकडच्या दोन कोपऱ्यांत, किंवा फाळक्याच्या खालच्या फटींत सांपडतें.